घरातला आवाज (भाग ९) : सब-आउट नसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची गोष्ट

सब-वूफर खोलीत नेमका कुठे ठेवायचा, हे या आठवड्यात बघायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलावं लागतंय, कारण साताऱ्याहून आलेला एक प्रश्न. वडिलांच्या काळातला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर अजून ठणठणीत वाजतो, मुलाने हौसेने नवा सब-वूफर आणला, आणि जोडायला गेल्यावर कळलं की अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ‘सब-आउट’ असं सॉकेटच नाही. दुकानदाराचा सल्ला ठरलेला : अ‍ॅम्प बदला.

अ‍ॅम्प बदलायची काहीएक गरज नाही.

‘सब-आउट’ ही मुख्यतः होम थिएटर रिसीव्हरची सोय. जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती सहसा नसतेच. म्हणून अ‍ॅम्पची पाठ चाचपण्याआधी सबची पाठ बघावी. बहुतेकांची नजर तिथल्या आरसीए सॉकेटवर अडकते. पण अनेक सबवर त्याच्या शेजारीच ‘हाय लेव्हल’ किंवा ‘स्पीकर लेव्हल’ असं लिहिलेली टर्मिनल्स असतात. अ‍ॅम्पच्या ज्या टर्मिनल्सना स्पीकर जोडलेले आहेत, तिथूनच वायरची दुसरी जोडी काढून ती इथे आणायची. स्पीकर जागच्या जागी राहतात.

इथे नियमित वाचक भुवया उंचावतील. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलवर समांतर जोडले की अ‍ॅम्पला ४ ओहमचा भार ओढावा लागतो, हे या लेखमालेत येऊन गेलं आहे. मग त्यात आणखी सबची भर कशी चालेल? चालते, कारण सबला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्वतःचा विजेचा प्लग असतो. त्याला शेजारच्या अ‍ॅम्पकडून ताकद नको असते, फक्त सिग्नल हवा असतो. त्याच्या हाय लेव्हल इनपुटचा रोध हजारो ओहमचा असतो. तो १० हजार ओहम धरला, तरी ८ ओहमच्या स्पीकरसोबत मिळून भार होतो ७.९९ ओहम. टेस्टर लावला म्हणून घरातला दिवा मंद होत नाही, तसंच हे. २० व्होल्टच्या सिग्नललाही या वाटेने जेमतेम २ मिलिअ‍ॅम्पिअर करंट जातो. त्यामुळे गेल्या आठवड्यात जाड वायरचा जो आग्रह धरला, तो इथे लागू नाही. अर्ध्या चौरस मिलिमीटरची साधी वायर पुरते.

हे गणित फक्त विजेवर चालणाऱ्या सबचं. गाडीतून काढलेली ४ ओहमची बेस ट्यूब याच पद्धतीने जोडणारे महाभाग कमी नाहीत. तिला स्वतःचा अ‍ॅम्प नसेल, तर ८ ओहमच्या स्पीकरसोबत भार थेट २.६७ ओहमवर येतो. अ‍ॅम्पमध्ये प्रोटेक्शन असलं तर तो बंद पडतो. नसलं तर आउटपुट ट्रान्झिस्टर जातात.

हाय लेव्हल जोडणी म्हणजे गरिबाची तडजोड, असा एक समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. रिचर्ड लॉर्ड यांनी १९९० साली वेल्समध्ये स्थापन केलेली आरईएल ही कंपनी संगीतासाठी हीच जोडणी मुद्दाम सुचवते. तिच्या सबसोबत मिळणाऱ्या केबलला तीनच तारा असतात : लाल उजव्या धन टर्मिनलला, पिवळी डाव्या धन टर्मिनलला आणि काळी कुठल्याही एका ऋण टर्मिनलला. स्पीकरकडे जाणारा सिग्नलच सबकडे जातो. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम किंवा बेसचा नॉब फिरवला की सबही मुकाट्याने मागोमाग येतो.

तो मागोमाग न येण्याचाही एक हमखास मार्ग आहे : जुन्या अ‍ॅम्पचं ‘टेप आउट’. ते आरसीए सॉकेट मोकळं दिसतं आणि सबची पिन तिथे चपखल बसते. पण हा सिग्नल व्हॉल्यूमच्या नॉबच्या आधीच बाहेर पडतो. मग रात्री स्पीकर कुजबुजतात आणि सब मात्र वाड्यातल्या सगळ्यांना उठवतो. अ‍ॅम्पवर ‘प्री-आउट’ असेल तर ते जरूर वापरावं, ‘टेप आउट’ नको. सबवर हाय लेव्हलची टर्मिनल्सच नसतील, तर कार-ऑडिओच्या दुकानात ‘हाय-लो कन्व्हर्टर’ नावाची छोटी डबी मिळते. ती स्पीकरचा सिग्नल आरसीएच्या पातळीवर उतरवून देते.

खरा धोका आहे तो काळ्या तारेत. साध्या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही काळी टर्मिनल्स ग्राउंडलाच जोडलेली असतात. पण तळहाताएवढ्या क्लास-डी अ‍ॅम्पमध्ये, उदाहरणार्थ टीपीए३११६ चिपवाल्या, आउटपुट ‘ब्रिज’ असतं. तिथे काळं टर्मिनलही जिवंत असतं. २४ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर त्याच्यावर १२ व्होल्टच्या आसपास दाब असतो. सबमार्फत ते ग्राउंडला टेकलं की शॉर्ट झालंच म्हणून समजा.

खात्री करायला मल्टिमीटर पुरतो. अ‍ॅम्पचा प्लग काढायचा, सगळ्या वायरी सोडवायच्या आणि मीटर बझरवर ठेवायचा. एक टोक आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं आळीपाळीने दोन्ही काळ्या टर्मिनल्सना. दोन्हीकडे बझर वाजला तर अ‍ॅम्प साधा, बिनघोर जोडा. नाही वाजला तर काळी तार ऋण टर्मिनलला लावायची नाही. सबच्या माहितीपत्रकात परवानगी असेल, तर ती अ‍ॅम्पच्या ग्राउंडला न्यायची, म्हणजे टर्नटेबलसाठी दिलेल्या ‘जीएनडी’ स्क्रूला किंवा त्याच आरसीए कड्याला. अशा जोडणीत सबला सिग्नल निम्माच मिळतो, म्हणून त्याचा लेव्हल नॉब थोडा वर न्यावा लागतो.

तार सोलताना एक सेंटिमीटर पुरे. तांब्याचे धागे घट्ट पिळून घ्यावेत. शेजारच्या टर्मिनलला टेकणारा एक मोकळा धागाही शॉर्टला पुरतो.

जोडून झाल्यावर सबचा क्रॉसओव्हर ५० ते ६० हर्ट्झपासून सुरू करावा, कारण इथे मुख्य स्पीकरचा बेस कापला जात नाही. सबला फक्त तळाची भर घालायची असते. बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची, म्हणजे ठळक बेस गिटार असलेलं गाणं परीक्षेला उत्तम. एकाने नेहमीच्या खुर्चीत बसावं, दुसऱ्याने सबचं फेज बटण ० आणि १८० मध्ये बदलावं. ज्या स्थितीत बेस भरदार लागेल, ती ठेवावी.

साताऱ्याच्या वाचकांनी बझरची परीक्षा आधी करावी, तार मग सोलावी. पुढच्या आठवड्यात जागेचा प्रश्न नक्की. ज्यांना आपल्या खोलीचा हिशोब त्यात यावा असं वाटतं, त्यांनी खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत लिहून कळवावी, दारं-खिडक्या कुठे आहेत त्यासह.