पणजोबांची नोंद सापडत नाही? आधी नाव नको, गाव शोधा!

सीईटीचा निकाल लागतो, मुलीचा नंबर लागण्याची शक्यता दिसते, जातीचा दाखलाही हातात असतो. मग जात पडताळणी समितीची कागदपत्रांची यादी समोर येते आणि घरात शोधाशोध सुरू होते. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. आजोबा शाळेची पायरीच चढले नव्हते. पणजोबांचं नाव मोठे काका एक सांगतात, आत्या दुसरंच. मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र मिळालं नाही, तर राखीव जागेवरचा प्रवेश हातचा जाऊ शकतो.

हा पुरावा देण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर टाकली आहे. 'आमच्या पिढ्यान् पिढ्या इथेच गेल्या' एवढं सांगून भागत नाही. प्रत्येक प्रवर्गासाठी एक तारीख ठरलेली आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या आधीची नोंद असेल तर दावा भक्कम होतो. स्वातंत्र्यापूर्वीची असेल तर तिचं वजन आणखी वाढतं.

तहसीलमध्ये 'नाव टाकून' का सापडत नाही?

मोबाइलवर आडनाव टाकलं की माहिती येते, याची सवय झालेली पिढी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जाते आणि तिथेच अडते. तिथले जुने गठ्ठे आडनावानुसार लावलेले नसतात. ते लावलेले असतात तालुका, गाव आणि वर्षानुसार. म्हणजे कुठलं गाव आणि साधारण कुठलं साल, हे दोन धागे हातात नसतील तर कारकुनाची इच्छा असूनही तो काही करू शकत नाही.

यातही गाव आज कुठल्या जिल्ह्यात आहे यापेक्षा ते त्या वर्षी कुठे होतं, हे महत्त्वाचं. १९६० मध्ये राज्य स्थापन झालं तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात होतं, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत, नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात. वाळवा तालुका आज सांगलीत असला तरी १९३० मधला कागद त्याला सातारा जिल्ह्यातलाच म्हणणार. आटपाडी तर ब्रिटिश मुलखातच नव्हती, ती औंध संस्थानात होती. त्यामुळे 'आमच्या तालुक्यात रेकॉर्डच नाही' असं उत्तर मिळालं, तर जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी विचारल्याशिवाय हार मानू नये.

मूळ गावच माहीत नसेल तर? आडनावाला 'कर' लागलं म्हणून त्या नावाच्या गावात धाव घेण्याआधी थांबा. ते गाव कदाचित सात-आठ पिढ्यांपूर्वीच सुटलेलं असतं. त्यापेक्षा वडिलांच्या किंवा काकांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधला 'जन्मस्थळ' हा रकाना बघावा. जत्रेला घरचे कुठे जात, आजीच्या तोंडी कुठल्या गावाचं नाव सारखं येई, हेही उपयोगी पडतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावं गावासह पिढ्यान् पिढ्या लिहिलेली असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी समाजाचे लोक वंशावळीच्या वह्या घेऊन गावोगाव फिरत आले आहेत. या वह्यांवर समिती किती विश्वास ठेवील हा वेगळा मुद्दा, पण पुढे कुठे शोधायचं ते त्या सांगतात.

जात दाखवणारा कागद वेगळा, नातं दाखवणारा वेगळा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अनेक जण जुना सातबारा घेऊन येतात. सातबाऱ्यावर सहसा जात नसते.

जात सापडते ती प्रामुख्याने दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, म्हणजेच गाव नमुना नंबर १४. लोक त्याला 'कोतवाल बुक' म्हणतात. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की त्याची नोंद इथे जातीसह होत असे. दुसरं ठिकाण शाळा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत प्रवेश-निर्गम रजिस्टर असतं आणि त्याचा उतारा मुख्याध्यापक देतात. (जन्मतारीख बघून दचकू नये. १ जून ही अनेकांची 'सरकारी' जन्मतारीख गुरुजींनीच ठरवलेली आहे.)

पण कोतवाल बुकात बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं. वडिलांचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच. मग तो मुलगा म्हणजे आपलेच आजोबा, हे सिद्ध कसं करायचं? तिथे जमीन कामाला येते. खातेदार वारला की वारसांची नावं लागतात आणि तसा फेरफार होतो. जुन्या फेरफारात बायको, मुलं, कधी लग्न झालेल्या मुलीही नावानिशी येतात. समितीपुढे प्रतिज्ञापत्रावर जी वंशावळ द्यायची असते, तिचा हा सर्वांत पक्का आधार. एका कागदावर जात, दुसऱ्यावर नातं, आणि दोन्हींत एक नाव समान, अशी साखळी जुळली की काम झालं.

जमीन नसलेल्या कुटुंबांचं काय? त्यांची वाट नक्कीच जास्त खडतर आहे. मात्र दुय्यम निबंधक कार्यालयातले जुने दस्त, भाडेचिठ्ठी किंवा दत्तकपत्र, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, इतकंच काय, पोलीस आणि कारागृहाची जुनी रजिस्टरंही तपासता येतात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात हे सगळे अभिलेख तपासणीच्या यादीत होते.

बिन, वलद, कोम म्हणजे काय?

जुन्या नोंदीत आडनाव नसतंच, असं धरून चाला. 'रामा बिन गोविंदा' म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा. खानदेश, विदर्भ, मराठवाड्याकडे 'बिन'च्या जागी 'वलद' येतं. 'सखू कोम रामा' म्हणजे रामाची बायको सखू. जमिनीच्या कागदावरचं 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आणि 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. ही अक्षरं दिसली तर खूश व्हा, कारण त्यामागे हमखास एखादं नातं लपलेलं असतं.

सालाचंही तसंच. शके असेल तर ७८ मिळवा: शके १८५० म्हणजे १९२८-२९. निजामाच्या मुलखातल्या कागदांवर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवायचे: फसली १३५० म्हणजे १९४०-४१. मराठवाड्यातले हे कागद अनेकदा उर्दूत असतात, तर पश्चिम महाराष्ट्रातले मोडीत. मोडीत शब्द एकमेकांना चिकटलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यामुळे अंदाजाने वाचू नये. जाणकार वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावं आणि मूळ नोंदीच्या प्रमाणित नकलेसोबत जोडावं.

घरबसल्या काय होतं, काय नाही?

'आपले अभिलेख' या सरकारी पोर्टलवर अनेक जिल्ह्यांतले जुने सातबारे, फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. काही जिल्हा प्रशासनांनी कुणबी नोंदी गावनिहाय वेबसाइटवर टाकल्या आहेत. इथेही जिल्हा, तालुका, गाव हाच क्रम. शोधताना आजचा गट नंबर जुन्या फेरफारात दिसणार नाही, कारण अनेक गावांत एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर भूमी अभिलेख कार्यालयातून काढावा लागतो.

बाकी काम अर्जावरच होतं. तहसीलदारांच्या नावे अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, गाव, वर्षांचा पट्टा (उदाहरणार्थ १९१५ ते १९३०) आणि संभाव्य नावं. एकच साल लिहिलं तर तेवढंच रजिस्टर उघडलं जातं. आणि 'नंतर या' या तोंडी उत्तरावर परत फिरू नये. रजिस्टर जीर्ण असेल किंवा नसेलच, तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी घ्यावं. समितीपुढे तेही कामाला येतं.

'नोंद काढून देतो' म्हणणारे एजंट कार्यालयाबाहेर भेटतात. त्यातले काही खरोखर अनुभवी असतात, काही मूळ रजिस्टरमध्येच अक्षर घालायला तयार असतात. समितीचं दक्षता पथक प्रत्यक्ष रजिस्टर बघतं. शाई वेगळी, हस्ताक्षर वेगळं, ओळींच्या मध्ये कोंबलेला शब्द हे सगळं अहवालात येतं. त्यानंतर दावा तर जातोच, वर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि त्याच घरातल्या भावंडांची प्रमाणपत्रंही संशयाच्या फेऱ्यात येतात.

थेट आजोबा-पणजोबांची नोंद मिळाली नाही, तर बाजूच्या फांदीकडे वळावं. पुरावा वडिलांकडच्या रक्तनात्यातला चालतो. पणजोबा शाळेत गेले नसतील, त्यांचा धाकटा भाऊ गेला असेल. आत्याचं नाव पहिलीच्या रजिस्टरमध्ये असेल. चुलत काकांच्या मुलाने दहा वर्षांपूर्वी वैधता काढली असेल तर त्याच्या फाइलमध्ये बहुतेक कागद आधीच जमलेले असतील. त्यामुळे तहसीलला जाण्याआधी पहिला फोन भावकीत करावा, बोलणं बंद असलं तरी.