फुग्यावरून छायाचित्रण व गांवांच्या पांढऱ्या

१. जुन्या महजरांत व निवाडपत्रांत 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द वारंवार येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, हें वाचकांस ठाऊक आहेच. राख, शेण, चुना व पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या मिसळून वस्तीच्या जागेचा रंग फिकट होतो. गांव बेचिराख झाला, पाटील-कुळकर्णी परागंदा झाले, पांढरीवर नांगर फिरला, तरी तो रंग सहसा जात नाहीं. जमिनीवर उभ्या असलेल्या मनुष्यास तो तुकड्यातुकड्यांनीं दिसतो. उंचावरून त्याचा सबंध आकार एकदम नजरेंत भरतो. कागदांत नांव उरलें आहे परंतु जागा निश्चित नाहीं, अशा स्थळांचा शोध घेणारांस फुग्यावरील छायाचित्राचा उपयोग कसा होतो, तें अल्प खर्चांत कसें साधतें व त्याची मर्यादा कोणती, हें नाशिक प्रांतापुरतें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२. ही कल्पना नवी नाहीं. नादार या फ्रेंच छायाचित्रकारानें सन १८५८ त फुग्यांतून पहिलें छायाचित्र घेतलें. तें आज उपलब्ध नाहीं. सन १८६० त जेम्स वॉलेस ब्लॅक यानें घेतलेलें बोस्टन शहराचें चित्र मात्र टिकलें आहे. सन १८८८ त आर्थर बातू यानें पतंगास कॅमेरा बांधून मनुष्य वर न पाठवितां तेंच कार्य केलें. पुढें सन १९०६ त इंग्लंडांत लेफ्टनंट शार्प यानें लष्करी फुग्यावरून स्टोनहेंजच्या शिलावर्तुळाचीं चित्रें घेतलीं, आणि सन १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत गाय यानें पॅलेस्टाइनांतील मेगिद्दोच्या उत्खननांत दोरीनें बांधलेला फुगा वापरला. येथून ही युक्ति पुराणवस्तुसंशोधनांत रूढ होत गेली.

३. फुगा दोन प्रकारांनीं वापरतां येतो: सुटा व बांधलेला. सुटा फुगा म्हणजे हवामानखातें रोज सोडतें त्या जातीचा रबरी फुगा. वर जातां जातां बाहेरील हवेचा दाब कमी होतो व फुगा फुगत जातो. सुमारें ३० किलोमीटर उंचीवर दाब जमिनीजवळच्या दाबाच्या शतांशाच्या जवळपास येतो. तेथें फुगा फुटतो आणि पेटी हवाई छत्रीनें खालीं येते. सन २००९ त अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनीं फोमची पेटी, साधा कॅमेरा व ठिकाण कळविणारा मोबाइल एवढ्या सामग्रीवर, सुमारें १५० डॉलर खर्चांत, असा फुगा सुमारें २८ किलोमीटर उंच नेला. तेव्हांपासून हौशी लोकांचें लक्ष इकडे विशेष वेधलें.

परंतु संशोधकानें या उंचीस भुलूं नये. ३० किलोमीटरांवरून क्षितिज ६०० किलोमीटरांपलीकडे जातें; निरभ्र दिवशीं नाशिकावरून सह्याद्रीची धार व पश्चिमसमुद्र एकाच चित्रांत येऊं शकतील. पण ज्या कॅमेऱ्याच्या दृष्टीचा कोन ६० अंश आहे व जो चित्राच्या रुंदींत ४००० बिंदू टिपतो, त्याच्या चित्रांत या उंचीवरून एकेक बिंदु जमिनीवरील साडेआठ मीटरांहून अधिक जागा व्यापतो. वाड्याचें जोतें त्यांत नाहींसें होतें. तोच कॅमेरा १०० मीटरांवर टांगला असतां बिंदु सुमारें तीन सेंटिमीटरांचा होतो व जोत्याचा दगडन्‌दगड मोजतां येतो. आपलें काम या दुसऱ्या उंचीचें आहे, आणि तेंच स्वस्तहि आहे.

४. बांधलेल्या फुग्याचा हिशेब सोपा आहे. एक घनमीटर हेलियम वायु समुद्रसपाटीस सुमारें एक किलो वजन उचलतो. नाशिक सुमारें ६०० मीटर उंचीवर असल्यानें तेथें किंचित् कमी. दीड मीटरांहून थोड्या अधिक व्यासाच्या फुग्यांत दोन घनमीटर वायु मावतो. त्यावर फुग्याचें कातडें, दोरी व अर्ध्या किलोचा कॅमेरा सहज चढतो. हायड्रोजन स्वस्त पडतो, पण तो ठिणगीनें पेट घेतो म्हणून टाळावा. वारा असल्यास फुगा आडवा पडतो. तेव्हां पतंग बरा, व त्यास वायूचा खर्चहि नाहीं. येवल्यास संक्रांतीच्या दिवसांत पतंग आणि आसारी हातीं घेतलेले कुशल लोक घरोघर आढळतात. मात्र कॅमेऱ्यासाठीं मांजा न घेतां जाड सुती किंवा वेणीची दोरी घ्यावी. कॅमेरा दोरीवर लोंबता ठेवून त्याचें तोंड सरळ खालीं करावें व ठराविक क्षणांनीं आपोआप चित्रें घेण्यास लावावा. लगतचीं दोन चित्रें निम्म्याहून अधिक एकमेकांवर यावींत, म्हणजे तीं जुळवून नकाशा करतां येतो. मोजलेल्या चार ठिकाणीं पांढरीं फडकीं अंथरल्यास प्रमाण निश्चित होतें.

५. काळवेळ महत्त्वाची. गडावरील शिबंदीच्या घरांचीं जोतीं पाहण्यास सकाळचें किंवा सायंकाळचें तिरपें ऊन पाहिजे. वीतभर उंचवटाहि लांब सांवली टाकतो. भरदुपारीं घेतलेल्या चित्रांत ती सांवली नसते. पांढरीचा रंग नुकत्या नांगरलेल्या रानांत उत्तम दिसतो. उभ्या पिकांतहि खूण मिळते: पुरलेल्या भिंतीवर माती थोडी, म्हणून पीक आधीं पिवळें पडतें, बुजलेल्या खंदकावर ओल अधिक, म्हणून तें हिरवें राहतें. मात्र खताचे जुने ढीग किंवा मुरमाचे पट्टेहि असाच रंग दाखवितात. म्हणून चित्रावरून निर्णय न देतां जागेवर जाऊन खापरें पाहावींत व कागदांतील चतुःसीमा ताडून घ्यावी.

६. कायद्याच्या दृष्टीनें फुगा, मग तो सुटा असो वा बांधलेला, आणि पतंग हीं विमानांच्याच व्याख्येंत येतात. सन १९३४ च्या कायद्यांत तसें होतें व त्याच्या जागीं सन २०२४ त झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमांतहि तसेंच आहे. ओझरचा विमानतळ व देवळालीचें तोफखान्याचें ठाणें जवळ असल्यानें या प्रांतांत लेखी परवानगीवांचून कांहीं करूं नये. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्थळीं पुरातत्त्वखात्याचीहि अनुमति लागते.

७. हें सर्व सांगण्याची निकड एका उदाहरणानें कळेल. नाशिकांत गोदातीरीं जुनी गढी आहे. सन १९५०-५१ त डेक्कन कॉलेजच्या सांकळिया व देव यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासून मराठेशाहीपर्यंतचे थर मिळाले. त्या गढीवर आज दाट वस्ती आहे आणि पावसाळ्यांत तिचे कडे ढासळतात. दरड कोसळली कीं रहिवाशांच्या जिवावर बेततें, आणि थरांचा पुरावाहि नदींत जातो. पावसाळ्यापूर्वीं व नंतर एकाच जागेवरून घेतलेलीं चित्रें कडा किती सरकला हें दोघांच्याहि हितासाठीं दाखवितील.

चित्र घेणारानें त्यावर तारीख, वेळ, उंची, दिशा व गांवाचें नांव अवश्य नोंदावें. मितीवांचूनच्या कागदाची अडचण संग्राहकांस सांगावयास नको. ज्यांच्या दप्तरांत नाशिक, दिंडोरी, निफाड वा येवलें या भागांतील बेचिराख गांवांचे महजर किंवा हद्दीचे निवाडे असतील, त्यांनीं त्यांतील चतुःसीमेची नक्कल प्रथम काढून ठेवावी. फुगा कोठें उभारावयाचा, हें त्या नकलेवरूनच ठरेल.