सार्वजनिक नोंद आणि विस्मरणाचा अधिकार

एखादी माहिती सार्वजनिक असणे आणि ती सर्वांच्या हाताशी असणे या दोन गोष्टी एकच होत, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. छापील कागदाच्या काळात हे गृहीत फारसे बाधक नव्हते. कारण सार्वजनिक नोंद वाचावयाची तर ती जेथे असेल तेथे जावे लागे. इंटरनेटवरील शोधयंत्रांनी हे अंतर नाहीसे केले आणि त्याबरोबर व्यक्तीच्या खाजगीपणाचा एक जुना, अलिखित आधारही नाहीसा झाला. संकेतस्थळांवरील वैयक्तिक माहिती काढून टाकण्याचा जो प्रश्न आज विधिशास्त्रापुढे उभा आहे, त्याचे मूळ या बदलात आहे.

या प्रश्नाचे स्वरूप एका स्पॅनिश खटल्यावरून उत्तम प्रकारे स्पष्ट होते. बार्सिलोना येथील 'ला व्हान्ग्वार्दिया' या दैनिकात १९९८ च्या जानेवारी व मार्च महिन्यांत लिलावाच्या दोन जाहीर सूचना प्रसिद्ध झाल्या. सामाजिक सुरक्षा निधीच्या थकबाकीपोटी जप्त झालेल्या स्थावर मालमत्तेचा तो लिलाव होता. सूचना सरकारी खात्याच्या आदेशावरून छापल्या गेल्या होत्या आणि बोली बोलणारे अधिकाधिक लोक यावेत, हा त्यांचा हेतू होता. पुढे थकबाकीचे प्रकरण मिटले. परंतु दैनिकाचे जुने अंक संकेतस्थळावर आल्यानंतर संबंधित गृहस्थांचे नाव गूगलवर शोधताच त्याच सूचना समोर येऊ लागल्या. बारा वर्षांनी, २०१० मध्ये, त्यांनी स्पेनच्या विदासंरक्षण संस्थेकडे तक्रार केली. संस्थेने दैनिकाविरुद्धची मागणी फेटाळली, कारण मूळ प्रसिद्धी कायदेशीर होती. गूगलविरुद्धची मागणी मात्र मान्य केली. १३ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने असा निर्णय दिला की, माहिती मुळात कायदेशीरपणे प्रसिद्ध झालेली असली, तरी ती कालांतराने अप्रस्तुत ठरली असल्यास नावावरून केलेल्या शोधाच्या यादीतून तिचा दुवा वगळण्याचे दायित्व शोधयंत्रावर येऊ शकते. व्यक्तीचे सार्वजनिक जीवनातील स्थान हा याला महत्त्वाचा अपवाद होय.

या निर्णयाने काय केले आणि काय केले नाही, हे नीट पाहावयास हवे. सूचना दैनिकाच्या संग्रहात जशीच्या तशी राहिली. तुटला तो नाव आणि नोंद यांना जोडणारा धागा. यावरून असे दिसून येते की, इंटरनेटवरील माहिती तीन निरनिराळ्या स्थानी वसत असते: मूळ पान, शोधयंत्राची सूची, आणि इतरांनी करून ठेवलेल्या प्रती. तिन्हींचे धनी वेगळे व उपायही वेगळे. मूळ पान काढणे हे संकेतस्थळाच्या चालकाच्या हाती असते. शोधयंत्र ते पान पुसू शकत नाही, केवळ आपल्या सूचीतून वगळू शकते. उलटपक्षी मूळ पान पुसले, तरी शोधयंत्राची पुढील फेरी होईपर्यंत त्याची छाया सूचीत राहते, आणि दुसऱ्या संकेतस्थळाने घेतलेल्या प्रतीला तर या दोहोंची बाधाच पोचत नाही. 'माहिती काढून टाका' या एका मागणीच्या पोटात वस्तुतः तीन मागण्या असतात. त्यांचा घोळ झाला म्हणजे अर्ज भलत्याच दाराशी जातो.

दुर्लभतेमुळे लाभणाऱ्या या संरक्षणाची दखल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच घेतली होती. निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेल्या नोंदी आणि त्याच नोंदींचे संगणकाने एका जागी केलेले संकलन यांत मोठा भेद आहे, असे त्या न्यायालयाने एका माणसाच्या गुन्हेविषयक नोंदपत्राच्या प्रकरणात म्हटले. महाराष्ट्रातील वाचकास हा भेद परका नाही. सातबारा उतारा किंवा राजपत्रातील नावबदलाची सूचना ही कागदपत्रे पूर्वीही गुप्त नव्हती. परंतु ती पाहण्यासाठी तलाठ्याच्या दप्तरापर्यंत वा ग्रंथालयापर्यंत जाण्याची गरज असणे, हेच त्यांचे कुंपण होते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात विस्मरणाच्या अधिकाराचा विचार केला असून, त्याचा अर्थ गतायुष्याच्या सर्व खुणा पुसणे असा होत नाही, हेही स्पष्ट केले आहे. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे जे प्रकरण आले, त्यात अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका गृहस्थास जुन्या निकालपत्रामुळे नोकरी मिळणे कठीण झाले होते. न्यायालयाने ते निकालपत्र शोधयंत्रांतून वगळण्याचा अंतरिम आदेश दिला. ज्या निकालाने निर्दोषत्व सिद्ध झाले, तोच निकाल नावाला चिकटून कलंकासारखा वावरावा, ही विसंगती येथे दिसून येते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या कलम १२ ने माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा अधिकार दिला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि नागरिकांच्या अधिकारांची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावीत, अशी योजना त्या वेळी ठरविण्यात आली. परंतु हा अधिकार मुख्यतः संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे. शिवाय, जी माहिती व्यक्तीने स्वतः जाहीर केली किंवा कायद्याने घातलेल्या बंधनामुळे जाहीर झाली, तिला कलम ३ अन्वये हा अधिनियम लागूच होत नाही. म्हणजे स्पेनमधील लिलावाच्या सूचनेसारखी सूचना भारतात निघाली, तर त्या माहितीसाठी या अधिनियमाचा आश्रय मिळणे कठीण. न्यायालयाचे दार तेवढे उरते. दुकानदाराने घेतलेला दूरध्वनी क्रमांक पुसून मागता येईल, पण सर्वांत अधिक जाचणारी नोंद मात्र बाहेरच राहील.

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे. नोंदी पुसल्या जाऊ लागल्या, तर सत्ताधारी व धनिक आपला भूतकाळ धुऊन काढतील आणि इतिहासकाराचे साधन नष्ट होईल. हा आक्षेप मूळ नोंद नष्ट करण्याच्या बाबतीत पूर्णतः योग्य आहे. सूचीतून नाव वगळण्याच्या बाबतीत मात्र त्याचे बळ बरेच कमी होते; कारण विषय, तारीख वा स्थळ यांवरून शोध घेणाऱ्या अभ्यासकास नोंद उपलब्धच राहते. वगळण्याचा निर्णय प्रथमतः एका खाजगी कंपनीच्या कचेरीत होतो, ही त्यातील खरी उणीव होय. तेथे कारणे जाहीर होत नाहीत आणि दुसऱ्या पक्षाचे म्हणणे क्वचितच ऐकले जाते. निर्णयाची व्याप्तीही मर्यादित आहे: युरोपीय कायद्यानुसार जगभरच्या सर्व आवृत्त्यांतून दुवा काढणे बंधनकारक नाही, असे त्याच युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरविले.

विद्यापीठीय संशोधनाचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. संशोधन, अभिलेखसंग्रह व सांख्यिकी यांसाठी भारतीय अधिनियमाने विहित मानकांच्या अधीन राहून सूट दिली आहे. परंतु मुलाखती आणि सर्वेक्षणाच्या याद्या जेव्हा संकेतस्थळावर ठेवल्या जातात, तेव्हा संशोधक स्वतःच मूळ पानाचा धनी होतो. नाव गाळणे, पान शोधयंत्राच्या सूचीत येऊ न देणे आणि काम संपल्यावर अनावश्यक प्रती नष्ट करणे, ही कामे प्रसिद्धीपूर्वी त्याच्या हाती असतात. प्रसिद्धीनंतर ती इतरांच्या हाती जातात.