आज पाळी कोणाची? घरकामातून स्पॅनिश शिकताना

परकीय भाषा म्हटली की आपल्या पालकांच्या मनावर अजूनही दडपण येते. त्याला इतिहास आहे. ज्या समाजाला शतकानुशतके ज्ञानाच्या भाषेपासून दूर ठेवले गेले, त्याला भाषा ही दुसऱ्याच्या मालकीची वस्तू वाटावी, यात नवल नाही. खुद्द बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पुढे स्वप्रयत्नाने ते संस्कृत शिकले. कोलंबिया विद्यापीठात (१९१३-१९१६) अर्थशास्त्र आणि इतिहासाच्या जोडीला त्यांनी प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचे अभ्यासक्रमही घेतले. त्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. या जिल्ह्यातील मुलांनी आणखी एक जागतिक भाषा शिकावी, असे आम्हांस वाटते. ती भाषा स्पॅनिश. स्पेनपासून अर्जेंटिनापर्यंत सुमारे २० देशांची ती राजभाषा आहे.

आरंभ कोठून करावा? आमचे उत्तर आहे : केरसुणी, बादली आणि भांडी यांच्यापासून. निवासी शाळेतील मुले ही कामे रोज करतात. हाताला परिचित असलेल्या कामाचे शब्द जिभेला लवकर परिचित होतात.

ओळखीचे शब्द

रत्नागिरीच्या घरांत स्पॅनिशची एक बहीण पूर्वीपासून नांदत आहे. ती म्हणजे पोर्तुगीज. पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस दाभोळ जाळले, १५१० मध्ये गोवा घेतले, १५३४ मध्ये वसई मिळवली. गोव्यातील त्यांची सत्ता १९६१ पर्यंत टिकली. तलवारीबरोबर व्यापार आला आणि व्यापाराबरोबर शब्द आले. चावी, बादली, घमेले, पिंप, साबण, पाव, बटाटा, पगार हे सारे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. आपल्या हापूसचे नावही 'अफोन्सो' या पोर्तुगीज नावावरून पडले.

पोर्तुगीज आणि स्पॅनिश या दोन्ही लॅटिनच्या कन्या. म्हणून बादलीला स्पॅनिशमध्ये 'बाल्दे', चावीला 'यावे', साबणाला 'खाबोन', पावाला 'पान' म्हणतात. बटाटा हा शब्द तर मुळात कॅरिबियन बेटांवरील लोकांचा. तो आधी स्पॅनिशमध्ये आला आणि तेथून पोर्तुगीजमार्गे आपल्या रश्श्यात पोहोचला. 'पागार' हे स्पॅनिश क्रियापद आहे, त्याचा अर्थ पैसे देणे. आपला 'पगार' त्याच कुळातला.

उच्चारही आपल्याला जड नाहीत. स्पॅनिश 'त' आणि 'द' हे आपल्यासारखेच दंत्य आहेत आणि 'प्लांचार' मधला 'च' चिंचेतला आहे. निर्जीव वस्तूलाही लिंग असते, हे मराठी मुलाला समजावून सांगावे लागत नाही. तो साबण, ती चावी, ती केरसुणी. योगायोगाने स्पॅनिशमध्येही ही लिंगे अशीच आहेत : 'एल खाबोन', 'ला यावे', 'ला एस्कोबा'.

रोजची वाक्ये

पुढील सहा कामे पाठ झाली की दिवसाचे अर्धे घरकाम स्पॅनिशमध्ये बोलता येते.

बार्रेर एल सुएलो – जमीन झाडणे
फ्रेगार लोस प्लातोस – भांडी घासणे
लावार ला रोपा – कपडे धुणे
तेंदेर ला रोपा – कपडे वाळत घालणे
प्लांचार ला रोपा – कपड्यांना इस्त्री करणे
साकार ला बासुरा – कचरा बाहेर नेणे

यांच्यामागे 'आय के' जोडले की 'करायला हवे' असा अर्थ होतो. 'आय के बार्रेर' म्हणजे झाडायला हवे. या वाक्यात, मराठीप्रमाणेच, कर्ता नाही. कोणी झाडायला हवे, हा प्रश्न मोकळाच राहतो. घराघरांत अशा कर्त्याविना असलेल्या वाक्याचा कर्ता बहुधा आई ठरते, हे वेगळे सांगणे नलगे.

झाड आणि झाडा

स्पॅनिशमध्ये 'तू' साठी 'तू' आणि 'आपण' साठी 'उस्तेद' अशी दोन सर्वनामे आहेत. आज्ञार्थही त्यानुसार बदलतो. 'बार्रे' म्हणजे झाड, 'बार्रा' म्हणजे झाडा. मात्र 'लावार' चे उलट आहे : 'लावा' म्हणजे धू आणि 'लावे' म्हणजे धुवा. हा भेद मुलांनी आरंभीच पक्का करावा, असा आमचा आग्रह असतो आणि तो केवळ व्याकरणापुरता नाही. आपल्या आजी-आजोबांना गावगाड्यात काम नेहमी एकेरीतच सांगितले गेले. वय, ज्ञान, कौशल्य कशानेही ती एकेरी सुटली नाही. काम सांगण्याची रीत ही माणसाला मोजण्याची रीत असते. म्हणून झाडणाऱ्याला 'बार्रा, पोर फावोर' म्हणजे 'कृपया झाडा' असे म्हणता येणे, हा या भाषेतील पहिला संस्कार होय.

स्पर्श आणि पाळी

आता सर्वांत महत्त्वाचे वाक्य. 'मे आयुदास?' म्हणजे 'मला मदत करतोस का?' हे वाक्य सभ्य आहे, पण त्यात काम एकाचे आणि मदत दुसऱ्याची, असे गृहीत धरलेले असते. त्याऐवजी स्पॅनिश भाषक विचारतात, 'आ क्येन ले तोका?' म्हणजे पाळी कोणाची? उत्तर येते, 'ओय मे तोका आ मी', आज माझी पाळी.

या 'तोका' चे मूळ क्रियापद 'तोकार' आणि त्याचा पहिला अर्थ स्पर्श करणे. ज्याला काम स्पर्श करते, त्याची पाळी. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्ही या शब्दापाशी थांबतो. आपल्याकडे काही कामे जन्मानेच काहींना चिकटवली गेली आणि ती करणाऱ्यांचा स्पर्श मात्र विटाळ ठरला. पाळी कधी फिरलीच नाही. 'मे तोका' मधला स्पर्श फिरता आहे. आज मला, उद्या तुला. वसतिगृहातील कामांच्या फलकावर मुला-मुलींची नावे आळीपाळीने येतात, तेव्हा हेच तत्त्व अमलात येते.

स्पॅनिश भाषक समाजांतही हे सारे सहज घडलेले नाही. स्पेनच्या नागरी संहितेत पतिपत्नींनी घरातील जबाबदाऱ्या वाटून घेतल्या पाहिजेत, ही तरतूद २००५ मध्ये आली. तेथील नागरी विवाहात हे कलम वधूवरांना वाचून दाखवले जाते. घरकामगारांच्या हक्कांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये केलेला १८९ क्रमांकाचा करार सर्वप्रथम मान्य करणारा देश उरुग्वे हाही स्पॅनिश भाषकच. स्पेनने तो २०२३ मध्ये मान्य केला. आपल्या राज्यातही घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा अधिनियम आहे. मोलकरीण हा शब्द मागे पडून 'घरेलू कामगार' हा शब्द रुळणे, हीसुद्धा भाषेतील एक सुधारणाच आहे.

आरंभ असा करावा

वही-पुस्तक नंतर. प्रथम बादलीवर, केरसुणीवर, साबणाच्या डब्यावर देवनागरीत त्यांची स्पॅनिश नावे चिकटवावीत. आठवड्याला दोनच वाक्ये घ्यावीत आणि ते काम करतानाच ती मोठ्याने म्हणावीत. महिनाभरात आठ वाक्ये होतात, वर्षभरात शंभराच्या घरात. जहाजांवर वा परदेशी नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत येऊन मुलांचे उच्चार तपासून द्यावेत, ही विनंती. पालकांनी घरी एवढेच करावे : जेवणे आटोपल्यावर मुलाला आणि मुलीला, दोघांनाही विचारावे, 'आ क्येन ले तोका?' आणि उत्तराची वाट पाहावी.