नैराश्यावरची गोळी सुरू करताना

नैराश्यावर डॉक्टर बहुतेक वेळा एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन यांपैकी एखादे औषध आधी देतात. ही औषधे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या कार्यावर परिणाम करतात. मात्र डोकेदुखीच्या गोळीसारखा तासाभरात उतार पडत नाही. फरक जाणवायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात आणि पुरता गुण यायला ६ ते ८.

त्रास मात्र आधी जाणवू शकतो. मळमळ, जुलाब, डोकेदुखी, बेचैनी, झोप उडणे किंवा झापड येणे हे बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. कामेच्छा कमी होणे हा त्रास अधिक काळ टिकू शकतो. तो संकोच न करता सांगावा, कारण डोस किंवा औषध बदलता येते.

पंचविशीच्या आतील काही रुग्णांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अशा वेळी घरच्यांनी सोबत राहावे आणि डॉक्टरांना लगेच कळवावे.

या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. पण त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झिणझिण्या असा त्रास होऊ शकतो. बरे वाटू लागल्यावरही किमान ६ महिने औषध चालू ठेवावे आणि नंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावे.

मन फारच खचले, तर टेली-मानस या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करा. ही सेवा मोफत असून मराठीतही बोलता येते.