स्क्रीनशॉट घेतला, पण गेला कुठे? कीबोर्डचे शॉर्टकट कसे लावून घ्यावेत?

नवी मुंबईत घर घ्यायचे म्हटले की अनेक कुटुंबांच्या डोळ्यांसमोर सिडकोची सोडत येते. 2024 मध्ये सिडकोने ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ या योजनेत 26,000 घरांसाठी अर्ज मागवले, तेव्हा नोंदणीपासून शुल्क भरण्यापर्यंतची कामे ऑनलाइनच होती. अशा कोणत्याही ऑनलाइन व्यवहारात एक क्षण नाजूक असतो. खात्यातून पैसे वळते होतात, पडद्यावर व्यवहार क्रमांक दिसतो आणि पावती उतरवून घेण्याआधीच इंटरनेट बंद पडते. त्या क्षणी घेतलेला स्क्रीनशॉट पुढे चौकशी करताना कामी येतो. मात्र अनेकांना तो नंतर सापडतच नाही. असे का होते?

स्क्रीनशॉट जातो कुठे?

विंडोज संगणकावर ‘प्रिंट स्क्रीन’ ही की (कीबोर्डवर बहुधा ‘पीआरटीएससी’ अशी लिहिलेली) नुसती दाबली, तर जुन्या पद्धतीनुसार चित्र क्लिपबोर्डवर जाते. क्लिपबोर्ड म्हणजे संगणकाची तात्पुरती पाटी. त्यानंतर दुसरे काही कॉपी केले की आधीचे पुसले जाते. चित्र वर्ड किंवा पेंटमध्ये पेस्ट करून सेव्ह केले नाही, तर फाइल तयारच होत नाही. म्हणून महत्त्वाच्या कामासाठी थेट फाइल सेव्ह करणारा शॉर्टकट हाताशी हवा.

विंडोजवर काय करावे?

‘विंडोज’ आणि ‘प्रिंट स्क्रीन’ या दोन्ही की एकत्र दाबल्या की संपूर्ण पडद्याचे चित्र ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरमध्ये आपोआप सेव्ह होते. काही लॅपटॉपवर सोबत ‘एफएन’ कीही दाबावी लागते. ‘ऑल्ट’ आणि ‘प्रिंट स्क्रीन’ दाबल्यास फक्त चालू खिडकीचे चित्र मिळते, पण तेही क्लिपबोर्डवरच.

पडद्याचा ठरावीक भाग हवा असेल, तर ‘विंडोज, शिफ्ट, एस’ हा शॉर्टकट आहे. एवढ्या की लक्षात राहत नसतील, तर हे काम एकट्या ‘प्रिंट स्क्रीन’कडे सोपवता येते. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड या मार्गाने गेल्यास ‘प्रिंट स्क्रीन’ने स्क्रीन कॅप्चर उघडण्याचा पर्याय दिसतो. तो चालू किंवा बंद करता येतो. विंडोज 10 मध्ये हाच पर्याय ‘ईझ ऑफ ॲक्सेस’ विभागात आहे.

लॅपटॉपवर ‘प्रिंट स्क्रीन’ कीच नसेल, तर मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवरटॉइज’ हे मोफत सॉफ्टवेअर घेता येते. त्यातील ‘कीबोर्ड मॅनेजर’मध्ये न लागणाऱ्या एखाद्या कीला हवा तो शॉर्टकट जोडता येतो. ती जोडणी टिकण्यासाठी पॉवरटॉइज सुरू असावे लागते.

मॅक आणि लिनक्सवर?

मॅकवर ‘कमांड, शिफ्ट, 3’ने पूर्ण पडदा आणि ‘कमांड, शिफ्ट, 4’ने निवडलेला भाग टिपला जातो. फाइल सहसा डेस्कटॉपवर येते. सोबत ‘कंट्रोल’ दाबली गेली, तर मात्र चित्र क्लिपबोर्डवर जाते. ‘कमांड, शिफ्ट, 5’ दाबून ‘ऑप्शन्स’मध्ये फाइल कुठे ठेवायची ते ठरवता येते. शॉर्टकट बदलण्याची सोय सिस्टिम सेटिंग्जमधील कीबोर्ड विभागात आहे. उबुंटू 22.04 पासून ‘प्रिंट स्क्रीन’ दाबल्यावर टिपण्याची खिडकी उघडते. तिथले शॉर्टकटही कीबोर्डच्या सेटिंग्जमधून बदलता येतात.

पुराव्यासाठी कोणता स्क्रीनशॉट घ्यावा?

व्यवहाराची नोंद ठेवायची असेल, तर पूर्ण पडदा टिपणे चांगले. त्यात संकेतस्थळाचा पत्ता येतो, आणि पडद्यावरच्या पट्टीतील तारीख-वेळही येते. नुसता क्रमांक कापून घेतला, तर तो कोणत्या पानावरचा, कधीचा, हे कळत नाही. पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डाचा सीव्हीव्ही मात्र चित्रात येऊ देऊ नये.

ऑनलाइन फसवणूक झाल्यास 1930 हा क्रमांक किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करताना असे चित्र जोडता येते. न्यायालयात मात्र केवळ छापील स्क्रीनशॉट पुरेलच असे नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यामुळे मूळ फाइल पुसू नये, आणि बँकेचे विवरणपत्र व आलेले संदेशही जपून ठेवावेत.

शॉर्टकट लावल्यावर एकदा चाचणी घ्यावी. कोणतेही साधे पान उघडून की दाबावी आणि फोल्डरमध्ये फाइल आली का ते पाहावे. अर्जाची मुदत संपत आली असताना की शोधत बसण्यापेक्षा हे दोन मिनिटांचे काम आधी उरकलेले बरे.