झेल्यातला हापूस

रत्नागिरीकडच्या बागेत काढणी सुरू होते ती ऊन तापायच्या आत. गडी हापूसच्या कलमावर अर्ध्यापर्यंत चढतो, फांदीत पाय रोवतो आणि टोकाला पातं आणि जाळी असलेली झेल्याची लांब काठी पानांत सरकवतो. मग थांबतो. खरं काम या थांबण्यात आहे.

मोहोर एका दमात येत नाही, त्यामुळे एकाच फांदीवर तयार आंबा आणि कोवळी कैरी शेजारी लटकतात. काढायचा तो चौदा आणे तयार. सोळा आणे झाला तर वाटेतच पिकेल. देठाशी खळगा पडलाय का, खांदे भरलेत का, गडद हिरवा रंग उतरलाय का, हे गडी खालून, उजेडाकडे डोळे बारीक करून ठरवतो. एका फांदीवरची चारही फळं मला सारखीच दिसत होती. त्यानं त्यातली दोन घेतली.

झेल्याचं पातं देठावर बसतं, एक हिसका, आणि फळ जाळीत. देठ बोटाच्या पेराएवढा राहायला हवा. तो मुळाशी मोडला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतात आणि तिथूनच पुढे कूज शिरते. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘नूतन झेला’ काढला तो देठासकट फळ उतरावं म्हणूनच.

खाली क्रेट सावलीतच. उतरवलेला आंबा तापल्या जमिनीवर ठेवला तर मुकादम ओरडतो, आणि बरोबरच ओरडतो: उष्णतेनं साका वाढतो. साका म्हणजे गरातला पांढरट, आंबूस, पिकतच नाही असा भाग. साल मात्र सोन्यासारखी, त्यामुळे कापेपर्यंत कळत नाही.

पुढे अढी. पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा. आठ-दहा दिवसांत खोली घमघमते. मार्चमधल्या चढ्या भावासाठी कोवळा आंबा उतरवला तर अढीत तो नुसता सुरकुततो. मग काहीजण कार्बाइडकडे वळतात. त्यावर बंदी आहे, आणि त्यानं रंग आला तरी गोडी येत नाही.

साक्यावर उपाय म्हणून नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 साली दापोलीनंच ‘रत्ना’ दिला. त्याला साका होत नाही. मुकादमाला विचारलं, मग रत्ना का लावत नाही?

“गिऱ्हाईक पेटीवर हापूस वाचतं ओ,” तो म्हणाला आणि पुढच्या कलमाकडे वळला.